गवत्या थोंगचं थडगं

माझा दीर थोंग यूपेई दोनदा मेला आणि दोन्ही वेळा मी तिथं हजर होते. तिसऱ्यांदा मेला का, ते मला ठाऊक नाही आणि कुणी विचारूही नये.

विचारतात मात्र सगळे. होडीतून उतरायचं, माझ्या दारात बसायचं, माझाच चहा प्यायचा आणि मग हळूच काढायचं, "आजी, तुमचे दीर म्हणे माणसांचे कान तळून खायचे?" आता काय सांगायचं या लोकांना, डोंबल! त्याला साधी कोळंबी पचायची नाही. पातळ भात आणि खारवलेला मोहरीचा पाला, यावर जन्म काढला त्यानं. समुद्री चाचा होता, नाही कोण म्हणतंय? शेवटी शेवटी चाच्यांचा सरदारही होता. पण त्याआधी तो सुया विकायचा, आणि माझ्या मते त्याला खरं कळायचं ते तेवढंच.

मी लग्न होऊन चाओपू बेटावर आले तेव्हा तो शेंबडा पोर होता. माझा नवरा थोरला, हा धाकटा. सासरे आधीच गेलेले. सासूबाई जिभेसाठी अख्ख्या बेटावर प्रसिद्ध. पहिल्याच दिवशी माझ्या हातचा भात चाखून म्हणाल्या, "हा होडीच्या भेगा बुजवायला ठेव बाजूला." तर असं ते घर.

ओहोटी लागली की आमच्याकडे लांबवर चिखल उघडा पडतो. पोरं एक गुडघा फळीवर टेकतात, दुसऱ्या पायानं रेटा देत चिखलावरून घसरत जातात आणि निवट्या नावाचे मासे पकडतात. यूपेईची फळी दरवेळी रुतायची. मग तिथूनच गळा काढायचा, "आईऽऽ! ये गंऽऽ!" सासूबाई चुलीपुढून उठता उठता करवादायच्या, "आले रे, आले. ओरडू नकोस, बहिरी नाही मी!" कमरेएवढ्या चिखलात उतरून त्याला ओढून आणायच्या आणि वर पाठीत धपाटा घालायच्या. रोजचं होतं हे. शेजारणी त्यावरून भात चढवायची वेळ ठरवायच्या.

पुढं कळलं की पोराला होडी लागते. किनारा सुटला की उलट्या. मासेमाऱ्यांच्या घरात असलं पोर! सासूबाईंनी कपाळावर हात मारला आणि त्याला निंगपो शहरात एका दुकानात कामाला चिकटवलं. तिथं तो सुया, लोखंडी कढया आणि सुती कापड विकायला शिकला. मोठा झाल्यावर त्यानं स्वतःची होडी घेतली. एकाच डोलकाठीची, कारण दोन डोलकाठ्यांची बांधली तर मान जायची. समुद्रबंदीचे दिवस होते ते. मासे धरा, किनारा दिसेल एवढ्यातच राहा, परमुलखाशी व्यापार कराल तर मुंडकं. यूपेई हुकूम पाळणारा माणूस. बेटाबेटांवर जायचा, वाटेत ओकायचा, उतरला की तोंड धुवायचा आणि सुईचं नेढं उजेडाकडे धरून बायकांना दाखवायचा. "बघ मावशी, आरपार आहे. वाकली तर परत घेईन." आणि घ्यायचाही परत. मी त्याला म्हणायचे, "भावजी, अशानं तुम्ही भीक मागाल." तो म्हणायचा, "वहिनी, वाकडी सुई विकून झोप नाही येत मला."

मग एका वर्षी मोठं वादळ आलं. त्याच्या होडीची फक्त एक फळी परत आली. पुढची, डोळा रंगवलेली. आमच्याकडे होडीला डोळे रंगवतात, म्हणजे तिला वाट दिसते. तो डोळा चिखलात पडून आभाळाकडे बघत होता. सासूबाईंनी तो उचलला, पदरानं पुसला आणि घरी आणून चुलीमागे ठेवला. त्या वेळी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि त्यांचं न बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

समुद्रात गेलेल्याचं प्रेत मिळालं नाही की आम्ही गवताचा माणूस करतो. त्याला त्याचेच कपडे घालतो आणि पोटात त्याचं जावळ ठेवतो. तान्हेपणी काढलेलं जावळ आई लाल फडक्यात बांधून जपते, ते अशा वेळी कामाला येतं. मग भरतीच्या वेळी किनाऱ्यावर उभं राहून आईनं हाक मारायची आणि घरातल्या कुणीतरी मेलेल्याच्या वतीनं ओ द्यायची. त्या आवाजामागून जीव येतो आणि गवतात शिरतो. ओ मिळाली नाही तर तो बिचारा पाण्यावरच उभा राहतो. ओ द्यायला खरं तर लहान मूल लागतं. आमच्या घरात मूल नव्हतं. नवऱ्याला हुंदका आवरेना. म्हणून सासूबाईंनी "यूपेईऽऽ, ये रे घरीऽऽ" म्हटल्यावर मी म्हणाले, "आलो गं, आलो." गवताचा माणूस टेकडीवर पुरला. गावप्रमुख फान यानं खांदा दिला, भात खाल्ला आणि सरकारी दप्तरात यूपेईच्या नावापुढं मृत असं लिहून घेतलं.

तिसऱ्या वर्षी यूपेई चालत घरी आला.

वादळानं त्याला जपानच्या गोतो बेटांवर नेऊन टाकलं होतं. लोक चांगले होते म्हणाला, खायला घालायचे, पण खाल्लेलं अंगाला लागायचं नाही. नुसता सांगाडा होऊन आला होता, गाल आत गेलेले, खोकला थांबेना. विहिरीवर बायकांनी बघितलं आणि घडे टाकून पळाल्या. गावातली म्हातारी माणसं म्हणाली, सुकणारच, याचा जीव टेकडीवर गवतात पुरलाय. जिवंत माणसाचं गवत मातीत राहिलं तर माणूस वरून वाळत जातो, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे.

फान म्हातारा काठी टेकत आला. "यूपेई, तू मेलायस."

"नाही हो काका. हा काय उभा आहे."

"ते दिसतंय मला. पण तुझं गवत मी स्वतः पुरलंय. जीव त्यात गेला. आता हा जो उभा आहे तो नुसता उरलेला आहे."

"मग दप्तरात जिवंत लिहून घ्या ना."

"लिहून घ्या म्हणे! अरे, इतकी वर्षं तुझ्या वाटची वेठ गावानं दिलेली नाही. तू जिवंत निघालास तर अख्ख्या गावाच्या ढुंगणावर फटके बसतील, आणि तुझी मान जाईल ती वेगळीच. परमुलखात राहून आलास म्हणून. काय करायचंय जिवंत होऊन?"

सासूबाई दारात उभ्या राहून हे ऐकत होत्या. त्यांनी मुलाकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "जेवलास?"

"नाही."

"मागच्या दारानं ये. पुढच्या दारानं लोक बघतात."

तो चार दिवस घरात होता. पहिले दोन दिवस घास गिळवत नव्हता. मग एका सकाळी सासूबाई लवकर उठून सरपणाला म्हणून टेकडीवर गेल्या, भारा घेऊन आल्या, स्वतः भात रांधला, आणि यूपेईनं वाडग्यामागून वाडगा खाल्ला. मला आठवतं, कारण माझ्यासाठी काही उरलं नाही.

जाताना तो आईपुढं बसला. "आई, मला बाहेर काढ. ज्या आईनं हाक मारली तिनंच गवत काढून चुलीत घालायचं असतं. दुसऱ्या कुणाला चालत नाही. तू काढलंस की मी जिवंत. मग फानकाकाला काय करायचं ते करू दे."

"बघू," सासूबाई म्हणाल्या. "सध्या वेळ नाही."

"वेळ नाही?"

"मासळी खारवायची पडलीय."

त्यानं मान खाली घातली. मग माझ्याकडे वळला. गंभीरपणे विचारलं, "वहिनी, समुद्रबंदी जिवंत माणसांना असते ना?"

"असावी. मला काय कळतंय कायद्यातलं?"

"मग मला कशी लागू होईल?"

मी म्हटलं, विचार करून बघा. त्यानं केला. एवढा हुकूम पाळणारा माणूस, त्याला सगळीकडून विचार करूनही मेलेल्याला बंदी लागू होईल असं काही सापडेना. आणि असा तो चोरटा व्यापारी झाला.

धंदा जोरात चालला. दोन डोलकाठ्यांचं जहाज, मग तीन जहाजं, मग आम्ही मोजणं सोडलं. इकडून सुया, रेशीम आणि कढया न्यायच्या, तिकडून चांदी आणायची. निंगपोत एक निवृत्त सरदारसाहेब होते, मोठ्या अब्रूचे, ते सगळा माल गुपचूप उचलायचे. पुढं त्यांना अब्रूची काळजी वाटू लागली. त्यांनी स्वतःच ठाण्यावर खबर दिली, आणि शिपायांनी खाडीत उभी असलेली यूपेईची जहाजं माणसांसकट जाळली. त्यांतल्या निम्म्या माणसांच्या घरी मी खारवलेली मासळी दिली-घेतली होती. यूपेई एका लहान होडीत होता, तिथून त्यानं सगळं बघितलं. दुसऱ्या आठवड्यात त्यानं सरदारसाहेबांचं गोदाम जाळलं. चाचा व्हायला त्याला तेवढाच वेळ लागला.

मग त्याच्याभोवती माणसं जमली. बंदीनं पोट मारलेले मासेमारी करणारे, पळालेले शिपाई, काही जपानी. सगळे त्याला गवत्या थोंग म्हणायचे. ज्याला आधीच पुरलंय त्याला कोण मारणार, असा त्यांचा हिशेब. त्यांचा हा सरदार गलबताच्या कडेला वाकून ओकत असायचा आणि बाकीचे अदबीनं दुसरीकडे बघायचे. लुटीत कुणाच्या वाट्याला वाकडी तलवार आली तर तो ती परत घेऊन सरळ द्यायचा, म्हणून कुणी सोडून जात नसे. पण मी त्याची बाजू घेत नाही. दक्षिणेकडची गावं जळाली, बायापोरं उघड्यावर आली. दीर असला म्हणून काय झालं! मला त्याची लाज वाटायची, आणि तो जेवला असेल का असंही वाटायचं. दोन्ही एकदम.

दरवर्षी खारी मासळी वाहणारा लंगडा वू आमच्याकडे गुपचूप एक पुडी आणायचा. पुडीत सुया. बरोबर निरोप एकच, "आईनं मला बाहेर काढलं का?"

सासूबाई सुया मोजून ठेवायच्या. "सांग त्याला, वेळ नाही झाला."

वू चुळबुळ करायचा. "काकू, एवढा मोठा सरदार, पण हे ऐकलं की दोन दिवस तोंड लपवून बसतो हो."

"उलट्या होतात का अजून?"

"होतात."

"पण अंगानं कसा आहे?"

"अंगानं? चांगला गरगरीत झालाय."

"मग ठीक आहे," म्हणायच्या आणि कामाला लागायच्या. एकदा माझं डोकं फिरलं. नवरा तापानं गेला होता त्या वर्षी. मी म्हटलं, "आई, एक तर मुलगा उरलाय तुम्हाला. टेकडी चढून चार फावडी माती काढायला काय जातंय तुमचं? दगड आहात का तुम्ही?"

त्या म्हणाल्या, "भात करपतोय."

आणि खरंच करपला होता.

असं चालू असताना निंगपोला नवे साहेब आले. त्यांनी दवंडी पिटवली. थोंग यूपेई शस्त्र टाकून आपल्या गावी हजर झाला तर सगळं माफ, व्यापाराचा परवाना देऊ, आणि दप्तरात नाव पुन्हा जिवंत म्हणून लिहू. परवान्यासाठी तो हलला नसता. पण शेवटचं वाक्य ऐकून त्यानं निरोप पाठवला, येतो. वू सांगायला आला तेव्हा सासूबाईंच्या हातातली सुरी पहिल्यांदाच घसरली.

त्याच्या आधी साहेब आले. मी धक्क्यावर कपडे धूत होते. सरकारी गलबतावर चटया टाकून काहीतरी झाकलं होतं. वाऱ्यानं चटई उडाली तर खाली लाकडी पिंजरा, वर मान बाहेर काढायला भोक. ओले कपडे तसेच टाकून मी घरी पळाले आणि सासूबाईंना सांगितलं. त्या मासा साफ करत होत्या. तो पुरा साफ केला, हात धुतले आणि म्हणाल्या, "माझं बरं लुगडं काढ. देवळात जायचंय."

समुद्रदेवीच्या देवळासमोर साहेब खुर्ची टाकून बसले होते. अख्खं गाव हजर. यूपेई निळा अंगरखा घालून, एकटाच, बिनहत्यारी आला. आईसाठी सुयांची पुडी हातात. इतकी वर्षं ज्याचं नाव ऐकून पोरं झोपायची तो माणूस देवळाच्या पायरीवर नव्या नवरीसारखा लाजत होता.

साहेबांना त्याची ओळख पटवून हवी होती. त्यांच्या आधीच्या साहेबांनी राजधानीला चुकीचं मुंडकं पाठवलं होतं, आणि ते उघडकीला आल्यावर त्यांना स्वतःचं पाठवावं लागलं. म्हणून हे साहेब जरा सांभाळून होते.

"म्हातारे, हा तुझाच मुलगा ना?"

यूपेई म्हणाला, "आई."

सासूबाईंनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "कोण हा? माझा मुलगा कधीच मेला हुजूर. वर टेकडीवर पुरलाय. कुणालाही विचारा."

साहेबांनी फानकडे बघितलं. फानच्या डोळ्यांपुढं सगळ्या वर्षांची वेठ आणि फटके नाचत असणार. "मेलाय हुजूर! नक्की मेलाय! मी खांदा दिलाय!" मागून सगळं गाव ओरडलं, मेलाय, मेलाय. एवढी एकी आमच्या गावात त्याआधी कधी झाली नव्हती.

"आई," यूपेई पुन्हा म्हणाला. "मी आलोय गं."

"दुसऱ्याच्या आईला आई म्हणू नये, पोरा," सासूबाई म्हणाल्या.

साहेब विचारात पडले. मग म्हणाले, "उद्या दुपारी थडगं खणून बघू. गवत निघालं तर हा लबाड. नाही निघालं तर..." पुढचं बोलले नाहीत. यूपेईला देवळाच्या कोठडीत घातलं.

घरी आल्यावर मी म्हटलं, "सुटले भावजी! गवत तर आहेच तिथं."

सासूबाई उंबऱ्यावरच बसल्या. "नाहीये," त्या म्हणाल्या. "थडगं रिकामं आहे."

मला काही उमगेना.

"तो घरी आला ना, त्याच वेळी काढलं मी. सरपणाला गेले होते ती सकाळ आठवते? जावळ तेवढं काढून ठेवलं, बाकी तो भारा तोच. त्याच्यावरच भात रांधला त्याला. म्हणून तर जेवला."

"मग इतकी वर्षं त्याला वेळ नाही, वेळ नाही..."

"सांगितलं असतं तर परत फिरला असता. इथंच राहिला असता, आणि मान गेली असती. मेलेला होता म्हणून जगला मेला." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "रडत काय बसलीस? गवत आण."

दुसऱ्या दिवशी सकाळी, त्या ऋतूत येतं तसं, दाट धुकं आलं. हाताचं बोट दिसेना. आम्ही सासऱ्यांची पावसात पांघरायची कुजकी गवती इरली उसवली, पायाखालची जुनी चटई फाडली आणि परसात बसून माणूस केला. नवं गवत चालणार नव्हतं, जुनं दिसायला हवं. यूपेईचा तरुणपणचा सदरा चिखलात बुडवून घातला. त्यातही सासूबाई मला बोलायच्या काही राहिल्या नाहीत. "पोट कशाला एवढं भरतेस? नवरदेव आहे का? काटकुळा होता तेव्हा."

पण खरी अडचण पुढं होती. साहेबांचा कारकून आमच्याच भागातला. पोटात केस आहेत का, तो बघणारच. आणि जावळ घालून पुरायचं म्हणजे जिवंत यूपेईला पुन्हा मातीत घालायचं. मी म्हटलं, "आई, तो वाळून जाईल हो. वर्षसुद्धा काढणार नाही. मागच्या वेळी बघितलंत ना?"

"केसांचं मी बघते. तू फावडं आण जा, शेजारून."

मी आणलं. परत आले तोवर त्यांनी पोट शिवून टाकलं होतं. बोटांना काजळी लागली होती, मला वाटलं, चूल पेटवली असेल. धुक्यातच आम्ही टेकडीवर जाऊन तो पुरला, वर जुनीच हिरवळ दाबली आणि येताना खरोखरचं सरपण घेऊन आलो.

दुपारी खणलं. माझा जीव टांगणीला लागलेला. कारकुनानं नाकाला फडकं लावून पोट फाडलं, चिखलानं लडबडलेली बट चिमटीत धरून वर केली आणि म्हणाला, "केस आहेत हुजूर. रीतसर आहे." साहेबांनी ते परत पुरायला सांगितलं. मग यूपेईला, मेलेल्याचं नाव घेऊन सरकारचा वेळ फुकट घालवल्याबद्दल, बांबूचे फटके मारून धक्क्यावर सोडून दिलं. पिंजरा रिकामा परत गेला.

आम्हाला आनंद झाला असेल असं वाटतं ना? मी त्याचा चेहरा बघितला होता. गवत बाहेर निघालं, त्याच्या अंगात त्याचाच सदरा, तेव्हा तो थडग्याच्या कडेला उभा होता. इतकी वर्षं विचारत होता आणि आता त्याला स्वतःच्या डोळ्यांनी उत्तर मिळालं होतं. फटक्यांना तो ओरडलासुद्धा नाही. जाताना आमच्यासमोर थांबला, सुयांची पुडी सासूबाईंच्या पायाशी ठेवली आणि म्हणाला, "माफ करा आजी. माझा माणूस चुकला."

शिपाई शेजारीच उभे होते. सासूबाईंनी वाकून पुडी उचलली. तो गेला. पुढच्या वर्षी वू पुडी घेऊन आला नाही, निरोपही आला नाही.

त्यानंतर सासूबाई वाळायला लागल्या. आजार काही नव्हता. जेवायच्या, मला बोलायच्या, पण गाल आत गेले, हाडं वर आली. वैद्य म्हणाला, वय झालं. हिवाळ्यात एका दुपारी मला म्हणाल्या, "आज भात बरा झालाय," तेव्हाच माझ्या मनात चर्र झालं. संध्याकाळी गेल्या.

मी त्यांना न्हाऊ घातलं. पांढरा अंबाडा सोडला तर मानेपाशी, आतल्या बाजूला, मूठभर केस मुळापासून कापलेले. पुन्हा उगवलेच नव्हते. मी तशीच उठले आणि पेटी उघडली. लाल फडक्याची पुरचुंडी तळाला होती. यूपेईचं जावळ त्यात जसंच्या तसं. मला त्यांची काजळीनं काळी झालेली बोटं आठवली, आणि मी तिथंच फतकल मारून ढसाढसा रडले. आयुष्यभर त्या बाईला दगड म्हणत आले होते मी.

वूला निरोप दिला. त्याला म्हणावं, तुझी वहिनी बोलावतेय, आणि नाही आलास तर मीच पोहत येईन.

तो वसंतात आला, तिन्हीसांजेच्या भरतीला, लंगड्या वूच्या मासळीच्या होडीतून. गरगरीत होता, दाढी पांढरी झालेली. दारात उभा राहून परक्यासारखा म्हणाला, "काय काम होतं वहिनी?"

मी पुरचुंडी त्याच्या हातात दिली. "उघड. तुझं जावळ आहे. सगळं."

त्यानं उघडलं. केस बोटांनी चाचपले. "मग थडग्यात कुणाचे..."

मी सांगितलं. भात, भारा, वेळ नाही, इरली, काजळी, सगळं सांगितलं. तो भिंतीला टेकला. मी म्हटलं, "आता रडू नकोस, आधी काम कर. सरकारनं पोट उसवून परत पुरलंय. आईंचे केस तिकडे, देह इकडे. अर्ध्या इकडे, अर्ध्या तिकडे अशा किती दिवस राहणार? बोलाव त्यांना. तूच बोलवायला हवंस."

त्यानं टेकडीवरून ते गवत स्वतः खणून आणलं. टोपलीत घालून आम्ही किनाऱ्यावर गेलो. पाणी पायांपर्यंत आलेलं. माझा दीर, चाच्यांचा सरदार, ज्याच्या एका हाकेसरशी जहाजं फिरायची, तो तिथं उभा राहून तोंड उघडायचा आणि मिटायचा.

"मोठ्यानं," मी म्हटलं. "चिखलात रुतल्यावर मारायचास तशी."

त्यानं डोळे मिटले. "आईऽऽ! ये गंऽऽ!"

लंगड्या वूनं टोपी काढली. लाटा येत होत्या, जात होत्या. ओ द्यायला दुसरं होतंच कोण? मी पदर सावरला आणि म्हणाले,

"आले रे, आले. ओरडू नकोस, बहिरी नाही मी!"

तो मटकन त्या पाण्यातच बसला, आणि टोपली छातीशी धरून लहान पोरासारखा रडला. मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. तोही राहिला होता.